परदेशी शिक्षिकेचे प्रशिक्षण कोठे पुरे झाले?

परदेशातून स्वेच्छेने शिकवायला आलेल्या माणसांबद्दल आपल्याकडील शिक्षणाच्या इतिहासात दोन ठरावीक भूमिका घेतल्या जातात. पहिली भूमिका कृतज्ञतेची आहे. मिशनरी आले, त्यांनी शाळा काढल्या, म्हणून आपल्याला अक्षर दिसले, असे ती मानते. दुसरी भूमिका संशयाची आहे. ते बाटवायला आले होते, शाळा हे केवळ निमित्त होते, असे ती सांगते. पहिली भूमिका आपल्यातील काही जण मांडतात, दुसरी प्रस्थापित मांडतात. एक गोष्ट मात्र दोघांनाही मान्य असते. शिकणारा माणूस म्हणजे मातीचा गोळा. कुणीतरी यावे आणि त्याला आकार द्यावा. शिकणाऱ्याने पुढे काय केले, हा प्रश्न दोघांनाही पडत नाही.

तोच प्रश्न मला येथे विचारायचा आहे. दूरदेशी शिकवायला निघालेल्या माणसाचे प्रशिक्षण पुरे झाले असे केव्हा म्हणावे? आधुनिक काळात याचे उत्तर सोपे करून टाकले आहे. अमेरिकेने १९६१ साली ‘पीस कोअर’ ही संघटना उभी केली. तिचे स्वयंसेवक १९६१ ते १९७६ या काळात भारतातही होते. काही आठवडे भाषा शिकायची, कामाचा सराव करायचा, शेवटी शपथ घ्यायची आणि दोन वर्षांसाठी परमुलखात जाऊन राहायचे, अशी ही पद्धत. शपथ झाली की प्रशिक्षण संपले. पण इतिहास एवढ्यावर समाधान मानत नाही. या प्रश्नाचे खरे उत्तर महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकातच मिळाले आहे. ते मात्र त्या नजरेने वाचले गेले नाही.

१

मी पनवेलच्या एका महाविद्यालयात शिकवतो. आजच्या विद्यार्थ्याला पनवेल म्हणजे मुंबई–पुणे रस्त्यावरचे गर्दीचे जंक्शन एवढेच ठाऊक असते. रेल्वे येण्यापूर्वी मात्र पनवेल हे मुंबई आणि देश यांच्यामधले दार होते. मुंबईहून होडीने पनवेल बंदरात उतरायचे आणि तेथून खालापूर, बोरघाट, खंडाळा असे करीत पुण्याला चढायचे, हा तेव्हाचा रुळलेला मार्ग. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८३० साली, बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. आगगाडी घाट चढून गेली ती १८६३ साली. मधली तीसेक वर्षे कारकून, पलटणी, माल, छापील पुस्तके आणि मिशनरी पनवेलवरूनच वर जात होते. पनवेलला नगरपालिका १८५२ साली मिळाली. एवढ्या लवकर ती मिळाली त्यामागेही या वर्दळीचे कारण असावे.

मुंबईहून पुण्या-नगरकडे शिक्षण ज्या काळात चढत गेले, तो हाच काळ. सिंथिया फरार यांची कारकीर्दही याच काळातली. त्यांचा जन्म १७९५ साली अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर प्रांतात मार्लबरो या गावी झाला. तिकडे त्या शिक्षिका होत्या. अमेरिकन मिशनने त्यांना मुंबईतील मुलींच्या शाळांसाठी पाठविले आणि १८२७ च्या डिसेंबरात, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्या मुंबईत उतरल्या. लग्न न झालेली बाई, नवऱ्याच्या कामाचा आधार नाही, येण्याचे कारण एकच – मुली शिकवणे. त्या काळी ही गोष्ट त्यांच्या देशातही नवलाची होती. दहा वर्षांनी प्रकृती बिघडून त्या परत गेल्या. बऱ्या होऊन १८३९ साली पुन्हा आल्या त्या अहमदनगरला. १८६२ साली तेथेच त्यांचा अंत झाला. म्हणजे सुमारे पस्तीस वर्षांतली मधली थोडी वर्षे सोडली तर बाकीचे सारे आयुष्य त्यांनी मराठी मुलुखात काढले. दोन वर्षांच्या करारावर आलेल्या त्या नव्हत्या.

त्यांचे प्रशिक्षण कोणते होते? शिकवण्याचा अनुभव त्या गाठीशी घेऊन आल्या होत्या. भाषा त्यांना येथे मिळवावी लागली. येथे एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. मिशनऱ्यांना मराठी शिकवायला पंडित ठेवलेले असत आणि हे पंडित बहुधा ब्राह्मण असत. शब्द कोणता शुद्ध, उच्चार कोणता ग्राम्य, हे पंडित सांगत. शाळांतही सुरुवातीला पंतोजी जुन्या विद्येतलेच घ्यावे लागत. कोकणपट्टीत काही बेने इस्राएल शिक्षक होते. म्हणजे परदेशी माणूस जातीबाहेरचा असला तरी त्याच्या तोंडी येणारी मराठी जातीच्या चाळणीतून आलेली होती. महारवाड्यातली, मांगवाड्यातली बोली या प्रशिक्षणात कोठे होती? सातासमुद्रांपलीकडून येणे त्याला जमले. गावकुसाचे शेवटचे अंतर ओलांडणे फार कठीण गेले. ते ओलांडायला दुसरीच माणसे लागली.

२

सिंथिया फरार यांची गोष्ट सांगताना परदेशी पाठविलेली पहिली अविवाहित अमेरिकन शिक्षिका असे त्यांना म्हटले जाते. या ‘पहिली’ शब्दापाशी क्षणभर थांबले पाहिजे.

त्यांच्या आधी पाच वर्षे, १८२२ च्या अखेरीस, बेट्सी स्टॉक्टन नावाची एक काळी स्त्री अमेरिकेहून हवाई बेटांकडे निघाली होती. ती गुलाम म्हणून जन्मली होती. ज्या घरात ती होती तेथील ग्रंथसंग्रहावर तिने स्वतःचे शिक्षण केले आणि पुढे ती मुक्त झाली. तीही अविवाहित होती, तीही त्याच मिशनबरोबर गेली. पण तिच्या करारात शिक्षणाचे काम आणि एका मिशनरी कुटुंबाला घरकामात मदत, या दोन्ही गोष्टी एकत्र लिहिलेल्या होत्या. त्यामुळे इतिहासाच्या वहीत ती बराच काळ ‘मदतनीस’ राहिली आणि ‘पहिली’ हा मान दुसरीकडे गेला. हे सारे आपल्या फार ओळखीचे आहे. कामाच्या नोंदीत हात दिसतात, मानाच्या नोंदीत नाव दिसत नाही.

बेट्सी स्टॉक्टनने हवाईतील माउई बेटावर लाहायना येथे शाळा चालविली. ती शाळा सरदारांच्या मुलांसाठी नव्हती, सामान्य रयतेसाठी होती. सोबतच्या कुटुंबातील आजारपणामुळे १८२५ साली तिला बेटे सोडावी लागली. जाण्यापूर्वी तिने तिथल्याच माणसांना शिकवण्यासाठी तयार केले आणि शाळा त्यांच्या हाती दिली. अमेरिकेत परतल्यावर प्रिन्स्टन गावातील काळ्या मुलांच्या शाळेत ती १८६५ साली मरेपर्यंत शिकवीत राहिली.

मला या इतिहासातून एक कसोटी हाती लागते. परदेशी जाणाऱ्या शिक्षकाचे प्रशिक्षण त्याने बोट पकडली तेव्हा पुरे होत नाही. त्याच्या हाताखाली शिकलेला माणूस फळ्यापाशी उभा राहतो आणि त्याच्यावाचून वर्ग चालू राहतो, तेव्हा ते पुरे होते. ही कसोटी आता महाराष्ट्राला लावून पाहू.

३

जोतीराव फुले अहमदनगरला आपले मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्याकडे जात. तेथे फरार बाईंच्या मुलींच्या शाळा त्यांनी पाहिल्या आणि त्यांचा आपल्या मनावर परिणाम झाला, हे त्यांनी स्वतः ‘ज्ञानोदय’मध्ये १८५३ साली सांगितले आहे. १८४८ साली पुण्यात भिड्यांच्या वाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. शाळा काढणे सोपे होते असे नाही. पण त्याहून कठीण प्रश्न शिकवणार कोण हा होता. आलेल्या पगारी पंतोजीवर शूद्रातिशूद्रांच्या शाळेचा भरवसा ठेवता येत नव्हता. स्त्री शिक्षिका तर नव्हतीच. म्हणून शिक्षिका घडवावी लागली.

सावित्रीबाईंचे पहिले शिक्षण घरी झाले, जोतीरावांच्या हाताखाली. पुढे पुण्यात मिचेल बाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये आणि अहमदनगरला फरार बाईंच्या संस्थेत त्यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले, असे चरित्रकार सांगतात. १८५२ च्या सुमारास पुण्यातील शाळांच्या परीक्षेचा जो वृत्तांत आहे, त्यात शिक्षकाच्या पत्नीने मुलींच्या शिक्षणाचे काम विनावेतन पत्करले आहे असा गौरवाने उल्लेख येतो. म्हणजे सावित्रीबाईही स्वयंसेवी शिक्षिकाच. समुद्र ओलांडून त्या आल्या नव्हत्या. घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता ओलांडत होत्या. पण त्या रस्त्यावर शेण आणि चिखल अंगावर घ्यावा लागत होता, आणि परत जायला दुसरा देश नव्हता.

या दोन स्वयंसेवेंतील फरक नीट समजून घेतला पाहिजे. परदेशी शिक्षिकेला येथे विरोध झाला तरी तिच्यामागे तिचे मिशन होते, गोरी कातडी होती, साहेबाचे राज्य होते. सावित्रीबाईंच्या मागे एक नवरा आणि थोडे मित्र होते. त्यांना सासऱ्याचे घर सोडावे लागले. तरीही १० ऑक्टोबर १८५६ रोजी माहेराहून, नायगावहून, लिहिलेल्या पत्रात त्यांना चिंता आहे ती आपण आजारी असताना फातिमेवर पडणाऱ्या शाळेच्या भाराची. ही चिंता शिक्षिकेची आहे. प्रशिक्षण मुरले म्हणजे काय होते, ते या पत्रात दिसते.

साखळी येथेही थांबली नाही. लहुजी वस्ताद साळवे आणि राणबा महार यांनी वस्त्यांमधून मुले आणून दिली. जोतीरावांच्या शाळांत शिकवणाऱ्यांच्या नावांत गणू शिवजी मांग आणि धुराजी आप्पाजी चांभार ही दोन नावे आढळतात. आपल्या इतिहासकारांनी या दोन नावांवर एकेक ग्रंथ लिहायला हवा होता. त्यांच्यावर एकेक परिच्छेद लिहिलेलाही क्वचितच सापडतो. मांगाने आणि चांभाराने गुरुजीच्या जागेवर बसावे ही घटना त्या काळच्या पुण्यात, पेशवाई जाऊन चाळीस वर्षे झाली नव्हती अशा पुण्यात, घडली. आणि १८५५ साली याच शाळेतील मुक्ता साळवे या मातंग मुलीचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’ने छापला. धर्म, ग्रंथ आणि राज्यकर्ते यांना थेट प्रश्न विचारणारे ते लेखन आहे. शिकलेल्या मुलीने तीनेक वर्षांत जाब विचारावा, याहून शिक्षकाच्या प्रशिक्षणाचे दुसरे कोणते प्रमाणपत्र असू शकते?

म्हणून माझे उत्तर असे, की सिंथिया फरार यांचे प्रशिक्षण न्यू हॅम्पशायरमध्ये सुरू झाले, मुंबईत भाषेच्या अंगाने वाढले, आणि पुण्यात सावित्रीबाईंच्या हाती, मुक्ताच्या लेखणीत पुरे झाले. यात फरार बाईंचा मोठेपणा कमी होत नाही. फक्त शेवटचा आणि सर्वांत अवघड धडा येथल्या स्त्रीशूद्रातिशूद्रांनी पार पाडला, एवढे सत्य नोंदले जाते.

४

मग ही साखळी तुटली कोठे?

जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. तो त्याला मिळाला नाही. एका मुलासाठी बाकीचे सारे विद्यार्थी शाळा सोडतील, ही सरकारची भीती. बाबासाहेबांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढे ठेवलेल्या शिक्षणविषयक निवेदनात हे प्रकरण मुद्दाम मांडले. ज्याला विद्यार्थ्याच्या बाकावर जागा नाही, त्याला नॉर्मल स्कूलचा दरवाजा कसा दिसणार?

१८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीरावांनी जे निवेदन दिले, त्यात शिक्षकाचा प्रश्न मध्यभागी आहे. प्राथमिक शाळांतील शिक्षक जवळजवळ सगळे ब्राह्मण आहेत, त्यांतले थोडे ट्रेनिंग कॉलेजातून आलेले, बाकीचे अप्रशिक्षित, पगार दहा रुपयांवर क्वचितच, असे त्यांनी सांगितले. पाच हजारांवर अस्पृश्य लोक असलेल्या पुण्यात त्यांच्यासाठी शाळा एकच आणि तीत मुले तिसांहून कमी, हेही सांगितले. आणि उपाय सुचविला: शिक्षक शेतकरी वर्गातून तयार करावेत, ते लोकांत मिसळतील, त्यांची गरज ओळखतील, परीक्षा उतरलेल्या शिक्षकास निदान बारा रुपये पगार द्यावा. ज्या माणसाने आणि ज्याच्या बायकोने फुकट शिकविले, तोच माणूस सरकारकडे शिक्षकासाठी पगार मागतो आहे. यात विसंगती नाही. स्वेच्छेने शाळा सुरू होते, टिकायला मात्र प्रशिक्षित आणि पोटभर पगार असलेला गुरुजी लागतो, हे अनुभवाने आलेले शहाणपण त्यात आहे.

सरकारच्या शिक्षण खात्याने जे दार उघडले नाही ते काही काळ पलटणीने उघडले. कंपनीच्या आणि पुढे राणीच्या फौजेत देशी शिपायांच्या मुलामुलींसाठी शाळा होत्या आणि शिक्षण सक्तीचे होते. त्या शाळांना मास्तर लागत. सुभेदार रामजी सकपाळ यांनी पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचे शिक्षण घेतले आणि चौदा वर्षे ते लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. बाबासाहेबांचा जन्म १८९१ साली महूला झाला तो एका ट्रेण्ड मास्तरच्या घरात. त्या घरात पहाटेचा अभ्यास, पाठांतर, पुस्तकासाठी पदरमोड हे जे होते, ते आभाळातून पडलेले नव्हते. त्यामागे शिकवण्याची रीतसर दीक्षा घेतलेला बाप होता. आपण बाबासाहेबांच्या कोलंबियाबद्दल आणि लंडनबद्दल भरभरून लिहितो. रामजींच्या नॉर्मल स्कूलबद्दल एका ओळीपलीकडे लिहीत नाही.

मग १८९० नंतरच्या थोड्याच वर्षांत महारांची सैन्यभरती बंद करण्यात आली. कुलाबा जिल्ह्यातील महाडजवळच्या रावढूळचे निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज तयार केला. भरती बंद झाल्याने हातची भाकरी गेली, बंदूक गेली, हे आपण म्हणतो. त्याबरोबर फौजी शाळाही गेली, आणि अस्पृश्याला प्रशिक्षित गुरुजी होण्याची जी एक वाट होती तीही बुजली. कोकणातल्या पेन्शनरांच्या घरांतून जी पिढी उभी राहिली, तिच्या मागून येणाऱ्यांना ही वाट पुन्हा मिळायला पुष्कळ वर्षे गेली.

५

विसाव्या शतकात कर्मवीर भाऊराव पाटलांनी हे मर्म ओळखले. १९३५ साली त्यांनी साताऱ्याला ग्रामीण शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढले. पुढे त्याला जोतीरावांचे नाव मिळाले. त्यानंतर खेडोपाडी पाचशेहून अधिक ‘व्हॉलंटरी’ शाळा उभ्या राहिल्या. आधी शिक्षक घडवायचा आणि मग स्वेच्छेची शाळा काढायची, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आज हा क्रम उलटा झाला आहे. २००९ पासून पुण्या-मुंबईच्या गरीब वस्त्यांतील शाळांत दोन वर्षांसाठी सुशिक्षित तरुण येऊन शिकवतात. त्यांच्या सद्भावनेवर माझा आक्षेप नाही. पण दोन वर्षांनी ते जातात तेव्हा त्यांच्या जागी उभा राहायला त्याच वस्तीतला कोणी तयार झालेला असतो काय? बेट्सी स्टॉक्टनला दोन वर्षांतच हे करता आले होते, म्हणून हा प्रश्न अवाजवी नाही.

दुसरीकडे वस्तीतला जो मुलगा, जी मुलगी रीतसर डी.एड., बी.एड. करते, पात्रता परीक्षा देते, तिची काय गत आहे? २००० सालापासून महाराष्ट्राने नव्या शिक्षकाला ‘शिक्षणसेवक’ हे नाव दिले आणि पगाराऐवजी तीन वर्षे मानधन दिले. २०२३ साली वाढ होईपर्यंत प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन दरमहा ६,००० रुपये होते. वाढीनंतर ते १६,००० झाले. महाविद्यालयांत आमच्या पिढीतले कितीतरी जण तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवीत आहेत. सेवक, मानधन, तासिका हे शब्द तपासून पाहा. ज्याच्या घरी तीन पिढ्यांचे अक्षर आणि दोन पिढ्यांचा जमीनजुमला आहे, त्याला सेवा परवडते. तिचा गौरवही होतो. मी माझ्या घरातला पहिला पदवीधर आहे. माझ्या आईवडिलांच्या लेखी ‘मास्तर’ या शब्दाचा अर्थ महिन्याच्या महिन्याला पगार असलेला, कोणापुढे वाकावे न लागणारा माणूस असा होता. तो अर्थ हलका नाही. त्यात हजार वर्षांच्या फुकट राबण्याला दिलेला नकार आहे. आमच्याकडून पिढ्यान्‌पिढ्या वेठ घेतली गेली. आता शिक्षकाच्या खुर्चीवर बसल्यावर त्याच वेठीला सेवेचे सोवळे नेसवले जात असेल, तर ते ओळखता आले पाहिजे.

पनवेल तालुका पुन्हा एकदा जगाचे दार होतो आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये येथल्या विमानतळाचे उद्घाटन झाले. होडीने येणारे आता विमानाने येतील, त्यांत शिकवू इच्छिणारेही असतील. त्यांचे स्वागत करावे. याच तालुक्यातील कातकरी वाड्यांवर, वीटभट्ट्यांवर, सिडकोच्या वसाहतींमागच्या झोपड्यांत मुले आहेत आणि त्यांना शिक्षक हवे आहेत. पण येणाऱ्याला आपण पहिल्याच दिवशी विचारावे, की तुम्ही जाल तेव्हा कातकरी वाडीतली कोणती मुलगी तुमच्या जागी उभी राहणार आहे, आणि तिला पूर्ण पगार मिळावा म्हणून तुम्ही कोणाकडे बोलणार आहात? सरकारलाही हाच प्रश्न विचारावा. जोतीरावांनी १८८२ साली तो विचारला होता. त्याचे पुरते उत्तर अजून यायचे आहे.